कट म्हणजे ठीक

‘एक वाक्य,’ पराग म्हणाला. ‘फार तर दीड. पण वाचणाऱ्याला पुन्हा वाचायला लागता कामा नये, सर.’

मी मान हलवली. जन्मभर दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून निवृत्त झालेल्या माणसाकडे कुणी वाक्य मागितलं, की तो मान हलवतोच. घरी कुणी मागत नाही.

पराग लोहोकरे हा माझ्या एका दिवंगत मित्राचा मुलगा. नाशकात टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं, त्यामुळे तिथल्या चहालाही रबराचा वास यायचा. त्याच्या कंपनीची एकच सेवा होती, तिचं नाव ‘खुशाली’. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी कॉम्प्युटर फोन करायचा. फोन उचलून नुसतं ‘हं’ म्हटलं तरी चालायचं. फोन वाजून वाजून बंद पडला, तर त्या माणसाने नेमून दिलेल्या शेजाऱ्याला फोन जायचा, आणि शेजारी जाऊन बेल वाजवायचा. सगळं सुरळीत असलं की पुण्याच्या, बंगळुरूच्या, न्यू जर्सीच्या मुलांच्या मोबाइलवर हिरव्या रंगात ‘ठीक’ उमटायचं. मुलं दात घासायच्या आधी तो हिरवा रंग बघायची आणि निर्धास्त व्हायची.

माझं काम सोपं होतं. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक पर्यायाखाली तो कशासाठी आहे, चालू केला तर काय होतं, हे मराठीत लिहायचं. माझ्याआधी ते काम एका यंत्राने केलं होतं. एका बटणाखाली त्याने लिहिलं होतं, ‘ज्येष्ठ सक्षम करा’ आणि शेजारी ‘ज्येष्ठ अक्षम करा’. दुसऱ्या कामासाठी बटणाची गरज नाही, ते आपोआप होतं, असं मी परागला म्हटलं, तेव्हा तो नम्रपणे हसला. विनोद कळला नाही की तो नम्र व्हायचा.

बाकीचे पर्याय मी भराभर उरकले. अडलो तो एकावर. पडद्यावर नुसतंच लिहिलेलं होतं : ‘कट = ठीक’.

‘हे काय?’

‘काका, आपले लोक फोन उचलतच नाहीत,’ ऋतुराज म्हणाला. ऋतुराज खैरनार म्हणजे कंपनीचा मुख्य इंजिनिअर. कंपनीत इंजिनिअर एकच होता. ‘मिस्ड कॉलची सवय आहे ना जुनी. पोचलो म्हणून सांगायला रिंग द्यायची, आणि समोरच्याने कळलं म्हणून कट करायचं. आमचाही फोन आला की कट करतात. त्यांच्या मते निरोप पोचला. सॉफ्टवेअरच्या मते गडबड आहे. मग शेजारी पळत जातो. आजोबा टॉवेलवर, शेजारी दारात. रोज शिव्या.’

‘म्हणून?’

‘म्हणून हा पर्याय काढला. चालू केला की आमचा कुठलाही कॉल कट म्हणजे ठीक. तक्रारी एकदम बंद.’

‘लॉजिक साधं आहे, सर,’ पराग म्हणाला. ‘मेलेला माणूस फोन कट करत नाही.’

त्या दिवशी त्या खोलीत तयार झालेलं हे सर्वांत चांगलं वाक्य होतं. पण ते छापता येण्यासारखं नव्हतं.

मी लिहिलं, ‘हा पर्याय चालू असताना कॉल कट झाला, तर सर्व ठीक आहे असे समजले जाईल.’

‘झकास!’ पराग म्हणाला. ‘झालं की.’

‘नाही झालं. कट कोण करतं?’

‘ज्येष्ठ.’

‘कशावरून?’

पराग पुन्हा नम्र झाला. ‘सर, फोन त्यांचा, घर त्यांचं, राहतात एकटे. दुसरं कोण येऊन करणार?’

‘मला एकदा बघायचंय कुणीतरी कट करताना. बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही.’

हे धादांत खोटं होतं. न बघता लिहिण्यावरच माझा सगळा संसार चालला होता. पण परागला ते पटलं. त्याला नाहीतरी माहितीच्या पानावर टाकायला फोटो हवाच होता. म्हातारी व्यक्ती, हातात फोन, चेहऱ्यावर समाधान.

‘आपला टॉपर कोण रे?’ त्याने ऋतुराजला विचारलं.

‘ओतूरकर,’ ऋतुराज पडद्यावर बघत म्हणाला. ‘कालिंदी ओतूरकर. हा पर्याय आल्यापासून एकदाही लाल नाही. पहिल्या रिंगला कट. रोज.’

मी मोठ्याने हसलो.

कालिंदी ओतूरकर आमच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायच्या. बाई ठेंगण्या, चष्मा जाड, पेन्सिल तांबडी. माझा एकही लेख त्यांच्या हातून सुखरूप सुटला नाही. ‘निमकर, हे कोण म्हणालं?’ असं त्या समासात लिहायच्या, आणि ते कुणीच म्हटलेलं नसायचं. आम्हां दोघांना एकमेकांची मतं मुळीच पटायची नाहीत, आणि म्हणून दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. निवृत्त झाल्यावर भेटायचं आम्ही ठरवलं होतं. निवृत्त माणसं भेटायचं ठरवतात आणि ठरवण्यातच भेटीचं समाधान मानतात.

‘उद्या सकाळीच जाऊ,’ मी म्हटलं. ‘फोन यायच्या वेळेला. मला बघून बाईंचा चेहरा समाधानी होणार नाही, पण फोटो खरा येईल.’

घरी आलो. संध्याकाळी भाजी चिरताना मला एक गोष्ट आठवली आणि हातातली सुरी थांबली.

ऑफिसात बाईंच्या टेबलावर फोन होता. तो वाजायला लागला, की बाई आधी चालू ओळ पुरी करायच्या. मग थांबल्या त्या शब्दावर पेन्सिल आडवी ठेवायच्या. मग चष्मा काढायचा, पुसायचा, परत घालायचा. तोवर अख्खा विभाग ओरडत असायचा, ‘बाई, फोन!’ समोरचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. पहिल्या रिंगला बाईंनी फोनकडे बघितलंसुद्धा नव्हतं कधी.

आणि तेव्हा त्यांचे गुडघे शाबूत होते.

माणूस बदलतो, असं मी स्वतःला सांगितलं, आणि भाजीत मीठ दोनदा घातलं.

सकाळी गाडीत मी ऋतुराजला विचारलं, ‘आधी कशा होत्या रे बाई? हा पर्याय यायच्या आधी?’

‘आधी बेक्कार. उचलायच्या, पण फार उशिरा. कितीदा तरी रिंग संपूनच जायची. समोरच्या काकूंना फोन जायचा, काकू जाऊन बघायच्या, बाई आपल्या फोनपर्यंत चालतच आलेल्या असायच्या.’ तो हसला. ‘आता सुधारल्या.’

ओतूरकरबाई दुसऱ्यांना सुधारायच्या. स्वतः सुधारायची त्यांची वृत्ती नव्हती. काचेतून बाहेर बघत राहिलो. एरवी रस्त्यावर टिंगल करण्यासारखं काही ना काही दिसतंच. त्या दिवशी काही दिसेना.

इमारत जुनी, लिफ्ट नाही, बाई तिसऱ्या मजल्यावर. समोरासमोर दोन दारं. एकावर ‘ओतूरकर’, दुसऱ्यावर ‘बोरसे’. ओतूरकरांच्या दाराच्या कडीला दुधाची कापडी पिशवी होती, रिकामी, नीट घडी घातलेली. दारात पेपर नव्हता. सगळं कसं जागच्या जागी होतं. मी बेल दाबली.

आत बेल वाजल्याचं ऐकू आलं. पाऊल वाजलं नाही.

‘वेळ लागतो त्यांना,’ मी म्हटलं.

‘आता फोन जाईलच,’ ऋतुराज मोबाइलवर बघत म्हणाला. त्याने फोटोसाठी तो तयारच धरला होता.

आणि फोन वाजला. वाजला, पण आमच्या समोर नाही. पाठीमागे. बोरशांच्या दारामागे. एकदाच वाजला आणि थांबला.

ऋतुराजच्या हातातला मोबाइल टिंग झाला. पडदा हिरवा.

‘आलं,’ तो सवयीने म्हणाला. ‘ठीक.’ मग त्याने सावकाश मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं.

मी बोरशांची बेल दाबली. दार तत्काळ उघडलं. गोऱ्यापान, हसऱ्या, पन्नाशीच्या बाई. दोन्ही हात कणकेने भरलेले.

‘अय्या, खुशालीवाले ना तुम्ही? यांचं ओळखपत्रच सांगतंय. या ना, या. मी रजनी बोरसे. काय झालं? आत्ताच तर केला मी कट!’

‘तुम्ही केलात?’ ऋतुराज म्हणाला.

‘मीच करते की रोज. अहो, बाईंच्या घरातलं ते चार्जिंगचं बटण जळलंय. मग बाई रोज रात्री फोन माझ्याकडे ठेवतात आणि सकाळी चहा झाला की घेऊन जातात. तुमचा फोन त्याआधीच येतो. त्याच म्हणाल्या, रजनी, आला की कट करून टाक, नाहीतर तुलाच फोन येतो आणि माझ्या दाराशी पळत यावं लागतं. मी एक दिवस चुकवलेलं नाही हो. आता बघा, हात असे, तरी केला की नाही? कोपराने केला!’ त्यांनी कोपर वर करून दाखवलं. त्यावर पीठ नव्हतं. कौतुकाने पुसून ठेवलं असावं.

मला सुटल्यासारखं झालं. म्हणजे एवढंच होतं. चार्जिंगचं बटण. यावर माझा एक अख्खा लेख झाला असता. ऋतुराजही हसला. ‘काकू, तुम्ही तर आमची सिस्टिमच बसवलीत,’ तो म्हणाला.

‘शेजारधर्म हो! दुसरं काय?’

‘बाईंना जरा हाक मारता का?’ मी म्हटलं. ‘आम्ही बेल वाजवली, दार उघडत नाहीत.’

‘त्या कुठायत घरी? भाचीकडे गेल्यात. देवळालीला.’

‘तसं सांगून गेल्या?’

‘छे हो, त्या कुठं सांगतात! पण सकाळी फोन न्यायला आल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं.’

‘फोन इथे ठेवून भाचीकडे गेल्या?’

‘त्यांना काय फोनचं एवढं! पण तुम्ही काळजी करू नका. दारात दूध पडून राहिलं की चोरांना कळतं ना घर बंद आहे, म्हणून दूध मी आत घेते. पेपरपण घेते. हे वाचतात, मग घडी घालून ठेवतो.’

‘काकू,’ ऋतुराज म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. ‘कधीपासून आल्या नाहीत फोन न्यायला?’

रजनीताई हिशेब आठवायला लागल्या. मग त्यांना सोपा उपाय सुचला. त्यांनी कोपरानेच फ्रिज उघडला. ‘हे बघा ना, पिशव्या सगळ्या ठेवल्यात मी. आल्या की देणार.’

खालच्या कप्प्यात दुधाच्या पिशव्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. ऋतुराजने मोजल्या असाव्यात, कारण तो मागे सरकून भिंतीला टेकला.

‘दार फोडायला हवं,’ तो म्हणाला.

‘फोडायला कशाला?’ रजनीताई दचकून म्हणाल्या. ‘किल्ली आहे की माझ्याकडे!’

दारामागच्या खिळ्याला ती लोंबकळत होती. गणपतीच्या साखळीत.

‘मग तुम्ही आत जाऊन…’

‘असं कसं जायचं हो कुणाच्या घरात? बरं दिसतं का?’

कुलूप सहज उघडलं. आत पंखा चालू होता, आणि भर सकाळी दिवा. टेबलावर पुस्तक उघडं होतं, आणि एका ओळीवर पेन्सिल आडवी ठेवलेली होती. बाईंनी वाचता वाचता उठताना खूण केली होती. परत येऊन पुढे वाचायचं होतं.

‘बाई!’ मी हाक मारली. ‘ओतूरकरबाई, मी निमकर!’

घरात पंख्याशिवाय काही हललं नाही. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. ऋतुराजने ढकललं, तर ते बोटभर उघडलं आणि मऊ कशाला तरी अडलं.

मी आयुष्यात पुष्कळ प्रसंगांची थट्टा केली आहे. त्या दाराला मी हात लावू शकलो नाही.

ऋतुराजने लावला. खांदा तिरका करून, इंच इंच दार सरकवत तो आत शिरला. मग तो ओरडला, ‘काका, श्वास आहे! अ‍ॅम्ब्युलन्स!’

बाई फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. एक पाय भलत्याच दिशेला. जवळ बादली आणि तांब्या, बादलीच्या तळाशी थोडं पाणी. तेवढ्यावर त्या टिकल्या होत्या. चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ओठ हलवले. मी वाकलो.

‘वाजू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘जरा… वाजू द्या.’

‘काही वाजत नाहीये, आजी,’ ऋतुराज म्हणाला. ‘तुम्ही बोलू नका. आम्ही आलोय.’

‘भ्रम झालाय,’ तो मला हळूच म्हणाला. दारात रजनीताई कणकेचे हात तसेच वर धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. ‘अगं बाई, मला एक हाक नाही का मारायची! मी समोरच होते की!’

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. बाई इतक्या चिवट निघाल्या, की डॉक्टर त्यांच्याशी बोलताना शब्द तपासून वापरायला लागले. बोलण्याइतका आवाज परत आला, तेव्हा एका सकाळी मी आणि ऋतुराज भेटायला गेलो. परागने पुष्पगुच्छ पाठवला होता आणि निरोप दिला होता, की घडलं ते फार वाईट झालं, पण एका प्रसंगावरून पर्याय काढून टाकता येणार नाही. बाकी ग्राहक खूष आहेत. सरांचं वाक्य तेवढं लवकर मिळावं.

‘सध्या काय लिहिताय, निमकर?’ बाईंनी विचारलं.

मी खिशातून तो कागद काढून दिला. त्यांनी वाक्य बोटाखाली धरून शेवटपर्यंत वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

‘कट झाला तर,’ त्या म्हणाल्या. ‘कुणी केला तर?’

‘तेच विचारायला तुमच्या घरी आलो होतो.’

त्या हसल्या नाहीत. कागद त्यांनी छातीवर ठेवला आणि छताकडे बघत राहिल्या.

‘माझ्या बाथरूमची खिडकी आणि रजनीच्या स्वयंपाकघराची खिडकी, दोन्ही एकाच डक्टमध्ये उघडतात,’ त्या म्हणाल्या. ‘मला सगळं ऐकू यायचं. कुकरच्या शिट्ट्या, तिच्या मिस्टरांचं घसा खाकरणं. आणि सकाळी फोन. माझाच.’

ऋतुराजने मान खाली घातली.

‘हाका मारल्या मी. पण तिचा मिक्सर मोठा. मग आवाजच राहिला नाही. मग एकच राहिलं. फोन वाजून संपला की कुणीतरी येतं, एवढं मला माहीत होतं. रोज उजाडलं की म्हणायचे, आज तरी रजनीचे हात कणकेत असू देत. आज तरी पूर्ण वाजू दे.’ त्या थांबल्या. ‘एकदा वाजायचा. आणि थांबायचा.’

कोपराबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

तेवढ्यात पडदा बाजूला सारून रजनीताईच आल्या. एका हातात शिऱ्याचा डबा, दुसऱ्या हातात बाईंचा फोन.

‘कशा आहात, बाई? बघा, फुल चार्ज करून आणलाय!’ त्यांनी फोन उशीशी ठेवला आणि डब्याचं झाकण काढलं. ‘तुमच्या आवडीचा, केळं घालून केलाय. इथं कोण विचारतं तुम्हांला, मला माहीत नाही का?’

शिरा खरोखर चांगला होता. हे मला सांगायलाच हवं, कारण रजनीताईंविषयी वाईट सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही.

आणि फोन वाजला.

रजनीताईंचा हात आपसूक पुढे गेला. चमचा तसाच हवेत, नजर आमच्याकडे, तोंडाने ‘घ्या ना अजून’ चालू, आणि बोट फोनकडे. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. सलाईनची सुई होती त्याच हाताने.

‘राहू दे, रजनी.’

फोन वाजत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. नर्स दारातून डोकावून म्हणाली, ‘अहो, उचला ना कुणीतरी!’ बाईंनी मनगट सोडलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकावं तसा तो फोन त्या ऐकत होत्या. मग तो आपला आपण थांबला.

बाईंनी डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. कुणीतरी येणार होतं.

रजनीताईंच्या पर्समध्ये दुसरा फोन वाजायला लागला.

‘आता हा कुणाचा मेला?’ त्यांनी डबा खाटेवर टेकवला, पर्समधून फोन काढला, नाव बघितलं. ‘घ्या. तुमच्याच कंपनीचा!’ त्या ऋतुराजकडे बघून हसल्या, अंगठ्याने तो कट केला आणि पर्समध्ये टाकला.

ऋतुराजच्या खिशात टिंग झालं. त्याने मोबाइल काढला नाही. पण शर्टाचं कापड पातळ होतं, आणि आतला हिरवा उजेड मला स्पष्ट दिसला.